‘बस’ म्हटलं की बसतो, ‘झोप’ म्हटलं की नुसता बघत राहतो: कुत्रा आडवा होत नसेल तर काय तपासायचं

कुत्र्याला सांगितल्यावर आडवं व्हायला शिकवणं तसं सोपं काम आहे. तरी कोल्हापुरात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात, आणि बहुतेक वेळा मालकानं निदान आधीच करून आणलेलं असतं: “हट्टी आहे हो लई.” हट्टी कुत्रा मला क्वचितच सापडतो. घसरडी फरशी, चुकीच्या दिशेनं फिरणारा हात आणि घरात प्रत्येकाचा वेगळा शब्द, ही तीन कारणं मात्र रोज सापडतात. म्हणून खालची तपासणी स्वस्तापासून महागापर्यंत लावली आहे. सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, शेवटच्या गोष्टीला एक्स-रे लागू शकतो.

लक्षणं

आपलं नेमकं कुठं अडलंय ते आधी ओळखा.

- ‘बस’ला लगेच बसतो, ‘झोप’ म्हटलं की बसल्या जागेवरून तोंडाकडे बघत राहतो.
- खाऊ खाली नेला की मान खाली जाते, पण ढुंगण वर येतं आणि शेवटी उभाच राहतो.
- चटईवर होतो, फरशीवर होत नाही.
- हातात खाऊ असला तरच आडवा होतो. रिकामा हात बरोबर ओळखतो.
- आडवा होतो आणि तुम्ही ‘शाब्बास’ म्हणेपर्यंत उठलेला असतो.
- घरात शहाणा, रंकाळा तलावावर गेला की बहिरा.
- आधी नीट व्हायचा, गेल्या काही दिवसांपासून टाळतो किंवा होताना कण्हतो.
- आडवा हो म्हटलं की गुरगुरतो.

शेवटची दोन लक्षणं बाकीच्यांपेक्षा वेगळी आहेत. तुमच्याकडे त्यातलं एखादं असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या दोन भागांवर या.

फरशी बघा

आडवा होताना कुत्रा पुढचे पाय पुढे सरकवतो आणि कोपरं जमिनीला टेकवतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन पुढच्या दोन पंजांवर असतं. नव्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर नेमके तेव्हाच पंजे फाकतात. दोनदा घसरला की तिसऱ्यांदा तो प्रयत्नच करत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला कळत नाही. जुन्या घरांतली शहाबादी फरशी थोडी खडबडीत असते, तिथं ही भानगड कमी दिसते.

तपासायला पैसा लागत नाही. सतरंजी, योगा मॅट, खालून रबर असलेलं पायपुसणं, काहीही टाका. फक्त ते सरकता कामा नये. त्यावर करून बघा. ताराबाई पार्कातल्या एका काकूंचा लॅब्रॅडॉर दिवाणखान्यात काही केल्या आडवा व्हायचा नाही आणि देवघरासमोरच्या चटईवर मात्र खुशाल पसरायचा. काकू कौतुकानं सांगत होत्या, “त्याला देवाची ओढ आहे.” ती चटई दिवाणखान्यात आणून टाकली, आणि साहेब तिथंही पसरले.

चटईनं फरक पडला तर लगेच नखं बघा. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत. अशा नखांनी पंजा पूर्ण टेकत नाही आणि घसरण वाढते. लांब केसांच्या कुत्र्यांचे तळव्यांमधले केसही कापून घ्या, मोज्यांवर चालल्यासारखे घसरतात बिचारे.

आपल्या भागात कारवान ही सडपातळ शिकारी कुत्री पाळणारे पुष्कळ आहेत. २००५ साली टपाल तिकिटावर आलेला मुधोळ याच कुळीतला. या कुत्र्यांच्या कोपरांवर आणि छातीवर मांस नावालाच असतं, अंगावर केसही आखूड. कडक फरशीवर कोपर टेकवणं त्यांना खरोखर टोचतं. शिवाय लांब मांड्यांमुळे ‘बस’ हीच त्यांना अवघड स्थिती वाटते. त्यामुळे ‘आधी बस, मग झोप’ हा क्रम कारवानाला लावू नका. जाड गोधडी टाका आणि उभ्यावरून थेट आडवं व्हायला शिकवा.

ऋतूही बघा. मे महिन्यात गार फरशीवर आपणहून पसरणारा कुत्रा जुलैच्या पावसात त्याच ओल्या पडवीत पोट टेकवत नाही, यात त्याचं काही चुकत नाही. उलट एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर किंवा डांबरी रस्त्यावर शिकवायला जाऊ नका. तळहाताची मागची बाजू जमिनीवर ७ सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्यानं पोट कशाला टेकवावं?

खाऊ आणि वेळ

जेवून ढेकर दिलेल्या कुत्र्याला शिकवायला बसू नका. संध्याकाळच्या जेवणाआधीची वेळ चांगली. एका वेळी ३ ते ५ मिनिटं पुरेत. तुकडा हरभऱ्याएवढा. मोठा दिला तर चघळण्यातच त्याचं लक्ष जातं.

मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, यावर बहुतेक कुत्री खूश असतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातले तुकडे देऊ नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी नासवतो. भडंगही नको. आणि तासगावचे बेदाणे आपल्याकडे घरोघरी डब्यात असतात म्हणून मुद्दाम सांगतो: द्राक्षं, मनुके, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. एकसुद्धा देऊ नका.

हात कसा फिरतोय

खरी गोम इथं आहे. दहातल्या सहा-सात जणांचं काम हात सुधारला की होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

तुकडा बोटांच्या चिमटीत धरा, कुत्र्याच्या नाकाला जवळजवळ लावा. आता हात सरळ खाली, त्याच्या दोन पंजांच्या मधोमध जमिनीपर्यंत न्या. सरळ म्हणजे ओळंबा सोडल्यागत सरळ. बहुतेक जण इथंच हात स्वतःकडे ओढतात. हात पुढे आला की नाक पुढे येतं, नाकामागून खांदे, आणि कुत्रा उभा राहतो. उलट हात त्याच्या छातीकडे ढकलला तर तो मागे सरकतो. हात जमिनीला लागल्यावर एक क्षण थांबा, आणि मग अगदी हळू, इंच-इंच, जमिनीवरून स्वतःकडे सरकवा. त्या वेळी कोपरं टेकतात.

टेकल्या क्षणी खाऊ सोडा, आणि सोडा तो जमिनीवरच, पंजांच्या मध्ये. वर तोंडाशी नेऊन दिला तर तो खाण्यासाठी उठतो, म्हणजे बक्षीस उठण्याचं झालं.

ढुंगण वर येत असेल तर हात फार वेगानं जातोय. तुकडा मुठीत बंद करा आणि मूठ जमिनीवर ठेवून गप बसा. तो चाटेल, पंजा मारेल, नाक खुपसेल. बोलू नका. कंटाळून बऱ्याचदा स्वतःच कोपरं टेकतो. टेकली की मूठ उघडायची.

तरीही नाही झालं तर काम तुकड्यात वाटा. आज नुसती हनुवटी पंजांपर्यंत आली तरी खाऊ. ते सहज जमलं की एक कोपर टेकल्याशिवाय खाऊ नाही, मग दोन्ही. लहान चणीच्या कुत्र्यासाठी आणखी एक युक्ती आहे. जमिनीवर बसा, एक गुडघा वाकवून त्याखाली बोगदा करा आणि खाऊ पलीकडून दाखवा. खालून यायचं तर त्याला पोट टेकवावंच लागतं. मोठ्या कुत्र्याला बुटकं टेबल चालतं.

काही कुत्री हातामागे येतच नाहीत. रस्त्यावरून आणलेली घाबरट गावठी पिल्लं, बरेच कारवान, यांना तोंडावर वाकलेला माणूसच नको असतो. त्यांच्यासाठी शिकवणं बंद करा आणि नुसतं बघा. कुत्रा दिवसभरात आपणहून कितीदा तरी आडवा होतो. खिशात तुकडे ठेवा. आडवा झाला की हलक्या आवाजात ‘शाब्बास’, आणि एक तुकडा पंजांच्या मध्ये. काही दिवसांत तो तुमच्यासमोर येऊन मुद्दाम आडवा व्हायला लागतो आणि खिशाकडे बघतो. ही पद्धत संथ आहे, पण यातून शिकलेली गोष्ट पक्की बसते.

आता एक गोष्ट जी करायचीच नाही. खांदे दाबून, पट्टा खाली ओढून किंवा पुढचे पाय खेचून त्याला पाडू नका. आपल्याकडे ही खोड फार आहे. ही काय खासबागेतली कुस्ती आहे चितपट करायला? दाबलं की कुत्रा उलटा जोर लावतो, म्हणजे आडवं न होण्याचीच सवय लागते. कंबरेत किंवा कोपरात आधीच काही दुखत असेल तर ते वाढतं. आणि तुमचा हात जवळ आला की अंग चोरायला शिकतो, ते निस्तरायला या सगळ्यापेक्षा जास्त दिवस जातात.

शब्द

घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि प्रत्येकाला विचारा, “तुम्ही काय म्हणता?” वडील ‘डाऊन’ म्हणतात, आई ‘खाली बस’, पोरगा ‘झोप’, आणि आजी ‘नीज रे बाळा’. यातलं ‘खाली बस’ सगळ्यात घोटाळ्याचं, कारण कुत्र्याला त्यातलं ‘बस’ ऐकू येतं आणि तो बसतो. त्यानं आज्ञा पाळलेली असते, वर शिव्याही खाल्लेल्या असतात. ‘खाली’ हा शब्द सोफ्यावरून उतरवायला वापरत असाल तर तोही इथं नको. ‘झोप’ किंवा ‘आडवा’, एक ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा.

शब्द किती वेळा म्हणता तेही बघा. “झोप, झोप, अरे झोप की!” असं रोज ऐकणारा कुत्रा तिसऱ्या हाकेची वाट बघायला शिकतो. एकदा म्हणा, थांबा.

त्याला शब्द खरंच कळतो का ते पाहायचं असेल तर सरळ उभे राहा, दोन्ही हात पाठीमागे घ्या आणि शब्द एकदाच म्हणा. बहुतेक मालकांना इथं धक्का बसतो. कुत्रा आजवर हाताची खूण वाचत होता, शब्दाकडे त्याचं लक्षच नव्हतं. कुत्री आवाजाआधी हालचाल टिपतात, त्यामुळे शब्द आणि हात एकदम आले की शब्द वाया जातो. आधी शब्द, एक सेकंद शांतता, मग हात. हे पुष्कळदा केलं की तो हाताची वाट न बघता शब्दालाच आडवा व्हायला लागतो. आणि शब्द जोडायचा तो हातानं काम हमखास व्हायला लागल्यावरच, त्याआधी नाही.

रिकामा हात ओळखतो

आमिष फार दिवस हातात ठेवलं की हे होतं. पाच-सहा वेळा खाऊ धरून नीट झालं की पुढच्या वेळी तोच हात, तीच हालचाल, पण चिमूट रिकामी. आडवा झाला की दुसऱ्या हातानं खिशातून तुकडा काढून द्या. खाऊ आधी दिसत नाही पण नंतर मिळतो, हे त्याला कळलं पाहिजे. त्यानंतर कधी खाऊ, कधी पाठीवर थाप, कधी चेंडू.

लगेच उठतो

उठायला कधी सांगितलं होतं? आडवं होण्याला शेवट असावा लागतो. ‘चल’ किंवा ‘मोकळा’ असा एक सुटकेचा शब्द ठरवा. आडवा असताना २ सेकंदांनी तुकडा, पुन्हा २ सेकंदांनी तुकडा, मग ‘चल’. उठल्यावर काहीच द्यायचं नाही. मग मध्ये अंतर वाढवत न्या. मध्येच उठला तर रागावू नका, तुम्ही वेळ जास्त ताणलीत एवढाच त्याचा अर्थ.

घरात होतो, बाहेर होत नाही

स्वयंपाकघरात शिकलेली गोष्ट चौकातही तीच, हे कुत्र्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक नव्या जागी थोडं मागे जाऊन शिकवावं लागतं: पुन्हा खाऊ, पुन्हा चटई, पुन्हा हात. घर, जिना, पार्किंग, मग भल्या सकाळची गल्ली, मग मैदानाची कड. लोक मात्र घरातून उठतात आणि रविवारी संध्याकाळी थेट रंकाळ्यावर जातात. भेळेच्या गाड्या, फुगे, पोरं, घोडे, आणि त्यात तिथली भटकी कुत्री.

भटक्या कुत्र्यांचा मुद्दा गंभीर आहे. आडवं होणं म्हणजे पळायची तयारी सोडून देणं. समोर दुसऱ्या टोळीची चार कुत्री कान टवकारून उभी असताना तुमचा कुत्रा पोट टेकत नसेल तर त्याची अक्कल ठिकाणावर आहे. त्यांच्यापासून इतकं लांब जा की तो त्यांना बघूनही तुमच्या हातातला तुकडा घेईल. खाऊच घेत नसेल तर तो घाबरलेला आहे, त्या जागी शिकवणं होत नाही, घरी चला. गणपतीतल्या ढोल-ताशाच्या दिवसांत आणि दिवाळीच्या फटाक्यांत नवीन काही शिकवू नका.

आधी व्हायचा, आता होत नाही

इथं शिकवणं बंद. हा शरीराचा प्रश्न धरून चाला, नंतर तसा नाही निघाला तर उत्तमच.

सकाळी उठताना वेळ लागतो का? बसताना एका कुल्ल्यावर तिरका बसतो का? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो का? जिना चढायला किंवा गाडीत उडी मारायला कां-कूं करतो का? लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्याचे आनुवंशिक दोष बरेच दिसतात, आणि ते म्हातारपणीच येतात असं नाही. ५-६ महिन्यांच्या पिल्लातही लक्षणं दिसू शकतात. निदान एक्स-रेनं होतं, अंदाजानं नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांचा ताप हे दुसरं कारण. ताप, जेवण सुटणं, हिरड्या फिकट पडणं, सांधे दुखणं, कधी नाकातून रक्त. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधा. सापडली नाही तरी लक्षणं असतील तर रक्त तपासून घ्या.

घरातली पेनकिलर देऊ नका. माणसांचं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात जखमा करतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं.

एक प्रसंग असा आहे की सकाळची वाट बघायची नाही. कुत्र्याला आडवं व्हायचंय पण होता येत नाही, बसतो-उठतो-फिरतो, ओकारी काढतो पण काहीच पडत नाही, लाळ गळते, पोट ढोलासारखं ताणलंय. हा पोट फुगून पिळ बसल्याचा प्रकार असू शकतो. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जास्त होतो. काही तासांत जीव जातो आणि उपाय शस्त्रक्रियाच. ओवा, सोडा, हिंग काही देऊ नका. रात्री २ वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करून निघा.

गुरगुरतो

थांबा, मागे व्हा, हात लावू नका. गुरगुरण्याबद्दल मारूही नका. तो आगाऊ सूचना देतोय. मारून सूचना बंद केली की पुढच्या वेळी थेट दात लागतात. कारण तीनपैकी एक असतं: दुखतंय, पूर्वी कुणीतरी दाबून पाडलंय, किंवा सोफा-गादी-हाड यावरचा हक्क. पहिलं कारण जनावरांच्या डॉक्टरांकडून काढून टाका, मगच ट्रेनर.

दात लागले असतील तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. कुत्रा घरचाच आहे, लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगा. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवू दे. हळद-चुना लावू नका.

ट्रेनर निवडताना एकच करा: त्याचं शिकवणं स्वतः बघा. काट्यांचा पट्टा काढला, किंवा “पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा, सरळ करून देतो” म्हणाला, तर नमस्कार करून परत या. तुमच्यासमोर, तुमच्या हातून करून घेणारा माणूस हवा. शरीर ठीक आहे, गुरगुर नाही आणि वरचं सगळं रोज नेमानं करून ३ आठवड्यांत काहीच हललं नाही, तर त्याच्याकडे जायची वेळ झाली असं समजा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून न्या: सकाळी पहिल्यांदा उठतानाचा एक, आणि बाजूनं चालतानाचा एक. दवाखान्यातल्या टेबलावर भीतीनं ताठलेला कुत्रा लंगडत नाही, आणि डॉक्टरांना नेमकं तेच बघायचं असतं.